चित्रात दाखवल्याप्रमाणे

‘सी-३ चित्रात दाखवल्याप्रमाणे बसवा.’ भाच्याने मागवलेल्या गिटार पेडलच्या किटमधला हा कागद. चित्रात सी-२ आहे, सी-४ आहे, सी-३च्या जागी शाईचा डाग. पुढची ओळ आणखी थोर: ‘आता उरलेल्या तारा जोडा.’ पायाने दाबायच्या स्विचला नऊ कान, आणि तो उलटा धरला तरी तसाच दिसतो.

“मामा, हे लिहिणाऱ्याने पेडल कधी बनवलंय तरी का?”

शेकड्यांनी बनवली असणार. म्हणूनच त्याला सगळं उघड वाटतं.

मला असे कागद आवडतात. सगळं नीट सांगणाऱ्या पुस्तिका मी उघडतसुद्धा नाही. इथे एकेक भाग हातात घेऊन बघावा लागतो. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, पिवळा पट्टा म्हणजे १०० किलोओहम. पट्टे पाच असले की कुठल्या टोकाकडून वाचायचे यावरच वाद, मग मल्टिमीटर काढायचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा लांब पाय प्लसला. १०४ लिहिलेला छोटा कपॅसिटर म्हणजे १०० नॅनोफॅरड. कागदावर यातलं काही नाही. बुधवार पेठेतला दुकानदार मान वर न करता सांगतो.

आणि हा खटाटोप आवाज बिघडवण्यासाठी! मार्टी रॉबिन्सच्या १९६१च्या ‘डोन्ट वरी’मध्ये ग्रेडी मार्टिनचा बास नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या बिघडलेल्या मिक्सरमधून गेला आणि घशात कफ अडकल्यासारखा घरघरला. तो तुकडा त्यांनी तसाच ठेवला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने पुढे तीच घरघर पेटीत बसवली: १९६२चा मेस्ट्रो फझ-टोन. १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’मधून ती घरोघर गेली.

मिरजेत हे काम कानशीने करतात. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा, म्हणजे छेडलेली तार त्याला लागत-सुटत राहते. तारेखाली सुती दोरा. तो केसभर पुढेमागे सरकवला की मुकी तार एकदम झणझणते, आणि खर्जातून कुणीही न लावलेला गंधार वर येतो. जवारी लागली. एका दुकानात मी बराच वेळ उभा होतो. म्हातारे कारागीर दोनदा कानस फिरवायचे, फुंकर मारायचे, तार चढवायचे, ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. जास्त घासलं गेलं तर माथा पहिल्यापासून करायचा. किती घासायचं हे कसं ठरवता, असं विचारलं, तर त्यांनी मला पंखा बंद करायला सांगितलं. मी केला. पुढे घाम पुसत दोघंही गप्प. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्या अर्जात हा पंखा कुठल्या रकान्यात भरला असेल?

हल्ली मैफलीतसुद्धा मोबाइलमधला तानपुरा वाजतो. तो कधी उतरत नाही, म्हणूनच मला नकोसा होतो. खरे दोन तानपुरे मंचावर लागत असले, गायक मान हलवून पुन्हा दोरा सरकवू लागला, की मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते. मी मात्र तेवढ्यासाठी लवकर जाऊन पुढची खुर्ची धरतो.