बुडावरची स्वारी

परवा ठकीला चौदा महिने पूर्ण झाले. (ठकी हे घरातलं नाव. बारशाला ठेवलेलं छान नाव आहे, पण ते तिच्या आत्याशिवाय कुणी घेत नाही.) दात सहा. टाळी वाजवते, टाटा करते, 'काऊ कुठंय?' म्हटलं की खिडकीकडे बोट दाखवते. वरणभात स्वतःच्या हाताने खाते, म्हणजे निम्मा फरशीला भरवते. फक्त अजून चालत नाही. आणि मुख्य म्हणजे ती कधी रांगलीच नाही!

तिची चाल वेगळीच. एक पाय दुमडायचा, एक हात जमिनीवर टेकवायचा आणि बसल्या बसल्या सर्रकन पुढे सरकायचं. उन्हाळ्यात फरशी गार लागते म्हणून बाई अजूनच खूश. खाली अंथरलेली सोलापुरी चादर ओढत ओढत थेट स्वयंपाकघरात येते.

संक्रांतीला, इकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, आम्ही तिचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. जमलेली तिच्याच वयाची दोन पोरं गुडघ्यांवर भराभर बोरांमागे धावत होती, आणि आमची राणी जागेवर बसून स्वतःच्या गळ्यातला हलवा चाटत होती. "अजून रांगत नाही?" हा प्रश्न त्या दिवशी मला चार वेळा आला. चौथ्या वेळी मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. रात्री मात्र झोप लागली नाही. गर्दीत हसून उडवलेले प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतात.

मग मी वाचायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांवर ती बसतात कधी, उभी राहतात कधी, चालतात कधी, याचा अभ्यास केला होता. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या पाच देशांत भारतही होता, दिल्लीची मुलं होती. त्यात एकट्याने चालायचा काळ दिलाय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत! म्हणजे निरोगी मुलांमध्येही जवळजवळ साडेनऊ महिन्यांचं अंतर. आणि शेकडा चारांहून थोडी जास्त मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती. ते वाचून मला त्या न रांगलेल्या पोरांच्या आयांना भेटावंसं वाटलं.

डॉक्टरांनाही दाखवलं. त्यांनी पाय हलवून बघितले, आधाराने उभं केलं, म्हणाले, बुडावर सरकणारी मुलं बऱ्याचदा जरा उशिराच चालतात. दीड वर्षापर्यंत चालली नाही तर परत आणा. पांगुळगाड्यात मात्र बसवू नका. सासूबाईंना यातलं काहीच नवीन नव्हतं. त्या म्हणाल्या, "चालंल की गं! एकदा सुटली की मग धरता येतंय होय तुला?"

तिला चालवायच्या मोहिमेत सगळी बिल्डिंग सामील आहे. सासूबाई हात पसरून 'ये ये' करतात. शेजारच्या अक्का तेलुगूतून 'रा रा' म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या काकू कानडीतून 'बा बा'. ठकी तिन्ही हाका ओळखते आणि तिघींकडे बुडावरूनच जाते. हल्ली ती स्वतःही 'बा, बा' म्हणते. सासूबाईंचं म्हणणं, बापाला हाक मारतेय. काकूंचं म्हणणं, आम्हाला बोलावतेय. वाद अजून मिटलेला नाही :)

गेल्या आठवड्यापासून एक नवीन चाललंय. खिडकीचे गज धरून ती उभी राहते आणि खालचा सात रस्ता बघत बसते. कुठून विजापूर रोडची बस येते, कुठून स्टेशनकडची रिक्षा. बघता बघता दोन्ही हात कधी सुटतात तिलाच कळत नाही. पाच-सहा सेकंद ती कशालाही न धरता उभी असते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी आनंदाने ओरडलेच. त्याबरोबर तिला कळलं की आपण काहीच धरलेलं नाही, आणि धपकन बसली.

तेव्हापासून मी ओरडत नाही. भाजी निवडत असले तर निवडतच राहते, श्वास मात्र अडकलेला असतो. वर्षभर सगळं माझ्या हाताने झालं, मानेखाली हात, पाठीला हात, बगलेत हात. आता हात जवळ ठेवायचा पण लावायचा नाही, हे शिकायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागणार बहुतेक. आजचा आकडा अकरा सेकंद.

तेव्हा रोज रात्री फोनवर "चालायला लागली का?" विचारणाऱ्या समस्त मावश्या-आत्यांनो, लागली की कळवेनच. फक्त त्या दिवशी माझा फोन लागला नाही तर समजून घ्या, मी तिच्या मागे पळत असेन.