नवातला एक

दहावीचा निकाल लागला, की सिंधुदुर्गातील आठ तालुक्यांची टक्केवारी उतरत्या क्रमाने छापली जाते. २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाले आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत ते या परीक्षेत राज्यात अव्वल राहिले. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकणाचा ९८.८२ होता. सगळेच शिखराशी पोहोचलेले असताना पहिला कोण आणि आठवा कोण, हे दशांशचिन्हाच्या उजवीकडे ठरते. तरीही आठव्याची मान खाली जातेच.

या यादीत न दिसणारी गोष्ट म्हणजे वर्गाचा आकार. १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. घरे उभी आहेत, माणसे मुंबईत आहेत. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत दहावीला नऊच मुले असतात. त्यातला एक नापास झाला, की शाळा ८८.८८ वर येते. बाजारपेठेच्या गावी १८० मुलांतली पाच राहिली, तरी तिथला निकाल ९७.२२! कोणत्या शाळेने अधिक मुले गमावली, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही.

अशाच एका शाळेच्या मुख्याध्यापकांना गणितात कच्च्या असलेल्या एका मुलाविषयी नववी संपतानाच सल्ला मिळाला होता : याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवा. शाळा सुटलेल्यांसाठी केलेली ही सोय शाळेतल्याच मुलाकडे वळवली, की यादीतला शंभर शाबूत राहतो. मुख्याध्यापकांनी अर्ज आणलाच नाही.

परीक्षा मार्चमध्ये येते. काजूचा हंगामही तेव्हाच. मुलगा पहाटे आईबरोबर बिया गोळा करून मग पेपरला जाई. आईने एकदा भीतभीत विचारले, ‘‘सर, झील नापास झालो तर?’’

‘‘झालो तर जुलैत परत बसतलो.’’

तो नापास झाला. तालुक्याच्या यादीत शाळा शेवटची आली. बैठकीत मुख्याध्यापकांना कारण लेखी मागण्यात आले. त्यांनी कागदावर लिहिले, ‘नवातला एक’, आणि खाली सही केली.

जूनच्या पहिल्या पावसात तो मुलगा शाळेच्या पडवीत गणिताचे पुस्तक घेऊन बसलेला असे.