माझा चौकोनी ढग

मी एकदा आकाशात एक चौकोनी ढग शोधून काढला होता. हसू नका! त्या रात्री मी मुळीच हसत नव्हते. आनंदाने मला झोप लागली नव्हती.

तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. सुट्टीत एक प्रकल्प मिळाला. 'चंद्रा' दुर्बिणीने एकाच भागाची दोन वेळा घेतलेली निरीक्षणं जोडून एक चित्र करायचं. ही दुर्बीण २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून अवकाशात गेली. नाव दिलं आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. ती क्ष-किरण टिपते. हे किरण हवा ओलांडून जमिनीवर पोचतच नाहीत, म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. शिवाय साध्या आरशावर ते सरळ आदळले तर आत घुसतात. म्हणून चंद्राचे आरसे नळकांड्यांसारखे आहेत. तळ्यावर तिरकी भिरकावलेली खापरी कशी टप्पा घेते, तसे किरण त्यांवरून निसटत पुढे जातात.

आमचा भाग होता अरुंधतीकेश तारकासमूहातला. तिथे तीस कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूर हजारावर दीर्घिकांचा एक मोठा गोतावळा आहे. दीर्घिकांच्या मधल्या जागेत जवळजवळ दहा कोटी अंश तापलेला वायू भरलाय आणि तो क्ष-किरणांत चमकतो.

आता गंमत ऐका. ही दुर्बीण आपल्यासारखा फटकन फोटो काढत नाही. दुरून येणारे किरण इतके थोडे, की ते एकेक करून मोजता येतात. म्हणून फाइल म्हणजे चक्क किराणा दुकानाची वही! किरण केव्हा आला, कुठे पडला, त्याची ऊर्जा किती, अशी ओळीखाली ओळ. दोन वह्या एकत्र करायला एक आज्ञा असते, 'मर्ज ऑब्ज'. उंदीर नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर ती टाइप करायची, पुढे दोन निरीक्षणांचे क्रमांक आणि नव्या फाइलचं नाव लिहायचं, एंटर दाबायचं आणि पंख्याची घरघर ऐकत बसायचं. (पहिल्या दिवशी मी एक स्वल्पविराम चुकवला आणि अर्धा तास कॉम्प्युटरशी भांडले.)

त्या रात्री काम संपलं. मी तयार झालेली पहिली फाइल उघडली. मध्ये वायूचा उजेड, आणि एका बाजूला त्याहून ठळक, चांगला मोठा ढग! असा ढग मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. मी रात्री साडेअकराला घरी फोन केला. धाकट्या भावाने दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, आणि हेडमास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनीने नवा ढग शोधला.'

संध्याकाळी आईने विचारलं, "कसा दिसतोय गं तुझा ढग?"

"चौकोनी. कडा अगदी सरळ."

आई थांबली. ती गोधड्या शिवते. म्हणाली, "सरळ कडा? अगं, दोन फडकी एकावर एक आली का तिथं गोधडी जाडच लागती. तसलं न्हाय ना काही?"

मी "आई, तुला काय कळतंय यातलं" असं म्हणून फोन ठेवला. आज ते आठवलं की लाज वाटते. कारण दहाच मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला.

दोन्ही वेळी दुर्बीण जराशी वेगळीकडे रोखलेली होती, आणि थोडी फिरलेलीही. सौरपट्ट्या सूर्याकडे धराव्या लागतात, त्यामुळे ऋतूप्रमाणे तिचा कोन बदलतो. टिपणारा भाग चौकोनी. दोन चौकोन जिथे एकमेकांवर आले, तिथे किरण दोनदा गोळा झाले होते. अंगणात दोन भांडी ठेवली, एक तासभर आणि एक दोन तास, तर दुसऱ्यात पाणी जास्त साचणारच. म्हणून काय तिथे पाऊस जास्त पडला? तासांनी भागायला नको?

आणि बिचाऱ्या आज्ञेने ते केलंही होतं! तिने तीन फाइली दिल्या होत्या. पहिलीत नुसते मोजलेले किरण. दुसरीत कुठला तुकडा किती वेळ आणि किती चांगला पाहिला गेला त्याचा नकाशा. तिसरीत भागाकार केलेलं खरं चित्र. मी उतावळेपणाने पहिलीच उघडून नाचले होते. तिसरी उघडली. ढग गायब!

प्रकल्पाच्या मॅडमना सांगणं सोपं गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "कडा बघितल्या नव्हत्यास?" हेडमास्तरांना फोन करताना मात्र घशाला कोरड पडली. सर म्हणाले, "फळा मी पुसणार नाही. तू शनिवारी ये आणि तूच पूस."

गेले. सातवीच्या वर्गासमोर दोन पारदर्शक निळे कागद एकमेकांवर सरकवून दाखवले. मधला भाग गडद झाल्याबरोबर मुलं ओरडली, "ताई, तुमचा ढग!" माझा भाऊ मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

डस्टर हातात घेतलं तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "ताई, ढग नव्हता तर मग तिथं काय होतं?"

"वायूच होता. शेजारी होता तेवढाच."

"मग ती तिसरी फाइल दाखवा की!"

ती मी आणलीच नव्हती. पुढच्या शनिवारी पुन्हा यावं लागलं.