भायखळ्याच्या संग्रहालयातील एक सकाळ

गेल्या नाताळच्या सुट्टीपूर्वी इयत्ता नववीच्या मुलांस घेऊन आम्ही मुंबईस गेलो होतो. सहलीच्या कार्यक्रमात भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय होते. त्यासाठी आम्ही अवघा दीड तास राखून ठेविला होता. कारण मुलांचे सारे लक्ष शेजारच्या राणीच्या बागेतील पशुपक्ष्यांकडे असणार, असा आमचा समज होता.

हे संग्रहालय मुंबईतील सर्वांत जुने होय. १८७२ च्या मे महिन्यात ते 'व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट' या नावाने लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी डॉ. भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट यांनी पुष्कळ परिश्रम घेतले, आणि १९७५ साली संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव मिळाले. काळाच्या ओघात जीर्ण झालेली ही वास्तू दुरुस्त होऊन २००८ साली पुन्हा उघडली. आत शिरताच उंच लोखंडी खांब व सोनेरी नक्षी पाहून मुले क्षणभर स्तब्ध झाली. मग मातीच्या लहान प्रतिमांतून दाखविलेले मुंबईचे नानाविध लोक, चांदी व हस्तिदंत यांचे कोरीवकाम, असे एकेक दाखवीत आम्ही घाईने पुढे चाललो.

एक मुलगा मात्र मागे राहिला. मुंबईच्या कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या, अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी उतरविलेल्या मातीच्या भांड्यांपुढे तो उभा होता. आम्ही त्यास रागे भरलो. तो हळूच म्हणाला, "सर, इथं गळ्यापाशी बोट जरा सरकलंय. माझ्या आजोबांचंही असंच सरकतं." आणि थोड्या वेळाने, "सर, कलाशाळेचं नाव दिसतं. चाकावर कोण बसलं होतं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे आजोबा कुंभार आहेत, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले. वर्गात घरचा धंदा विचारला असता तो नेहमी 'शेती' असे सांगत असे.

बाहेर आवारात घारापुरीचा पाषाणहत्ती आहे. त्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो विलायतेस नेण्याच्या खटपटीत उचलताना कोसळून भंगला. ते तुकडे मुंबईस आणिले गेले व १९१४ साली जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला. सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा, ज्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडले, तोही १९६५ साली आपल्या चौकातून निघून या बागेत आला. त्या पुतळ्याचा शिल्पकार बोहम याचे नाव इतिहासास ठाऊक आहे. हत्ती घडविणाऱ्याचे नाही. मुलांस हे सांगता सांगता आमचा स्वर खाली आला.

कारण त्या मुलाचे लपविणे आम्हांस परके नव्हते. आमचे आजोबा जोडे शिवीत. मिशनच्या शाळेने आमच्या घरात अक्षर आणिले, त्याबद्दल आम्ही जन्मभर ऋणी आहो. परंतु अक्षर आले तशी आजोबांची आरी व रापी आम्ही माळ्यावर टाकिली. महाविद्यालयात कोणी विचारिले, तर 'घरचे लहानसे दुकान होते' एवढेच आम्ही सांगत असू. शाळेने असे लपविण्यास कधीच सांगितले नव्हते. ती लाज आमची स्वतःची होती.

दीड तासाचे तीन तास झाले. वाघ पाहावयाचा राहिला, तरी कोणी कुरकुर केली नाही. परतीच्या गाडीत तो मुलगा चाक कसे फिरवितात, माती किती मळावी लागते, हे सोबत्यांस हातवारे करून सांगत होता, आणि ते ऐकत होते.

सुट्टीत घरी गेल्यावर आम्ही माळ्यावरून ती रापी काढिली. तिची मूठ आजोबांच्या अंगठ्याच्या जागी झिजलेली आहे. विद्यार्थिमित्रहो, येत्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ती ठेविली जाईल, व तिच्याखाली आजोबांचे नाव लिहिलेले असेल. तुमच्याही घरी असे काही असेल तर घेऊन या. आणि नाव विचारून या.