थालचे तण

अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातले, वीतभर उंचीचे तण. जमिनीला चिकटून पानांचा झुपका, त्यातून निघालेला सडपातळ दांडा आणि शेंड्याला इवलीशी पांढरी फुले. चार पाकळ्या, सहा पुंकेसर. त्यांतले चार लांब, दोन आखूड. थाट सगळा मोहरीचा, पण फोडणीला याचा उपयोग नाही. बी खसखशीहूनही बारीक. युरोपात पडीक शेतांत, रुळांच्या कडेला, भिंतींच्या फटींत ते उगवते, हिमालयातही सापडते.

जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरांतल्या वनस्पतींची नोंद करताना योहानेस थाल या वैद्याने १५७७ मध्ये त्याचे वर्णन लिहिले. ते छापले गेले १५८८ मध्ये, थालच्या मृत्यूनंतर.

याच डोंगरांतले ब्रोकेन शिखर १७७७ च्या डिसेंबरात, ऐन बर्फात, कवी गटे चढून गेला. पुढे १७९० मध्ये त्याने एक पुस्तिका काढली: निदल, पाकळी, केसर ही सारी पानाचीच रूपे आहेत. नेहमीच्या प्रकाशकाने ती नाकारली. कवीने कविता लिहाव्यात, अशी समजूत तेव्हाही होती. दोनशे वर्षांनी पुरावा दिला तो थालच्या तणाने, बागेतल्या श्वानमुखाच्या जोडीने. फुलाचा आराखडा जनुकांचे तीन गट ठरवतात, असे कोएन आणि मायरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडले. पहिला गट एकटा असला की निदल, पहिला-दुसरा मिळून पाकळी, दुसरा-तिसरा मिळून पुंकेसर, तिसरा एकटा असला की स्त्रीकेसर. तिन्ही बिघडले, की फुलाच्या जागी नुसती पाने. फक्त तिसरा बिघडला तर पुंकेसरांच्या पाकळ्या होतात आणि फुलात फूल येत राहते. बागांमधली बरीचशी दुहेरी फुले अशाच बिघाडाची. देखणी खरी, पण अनेकदा वांझ. त्यापेक्षा चार पाकळ्यांचे साधे फूल केव्हाही बरे.

प्रयोगशाळेने हे तण उचलले ते त्याच्या घाईमुळे: बी ते बी सुमारे सहा आठवडे, एका रोपाला हजारो बिया, गुणसूत्रांच्या अवघ्या पाच जोड्या. फ्रीडरिश लायबाखने त्या १९०७ मध्ये मोजल्या. २००० मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ही पहिली वनस्पती ठरली. भात, गहू मागून आले.

१९८२ मध्ये सोव्हिएत साल्युत-७ अंतराळस्थानकात ते फुलले आणि त्याला बीही धरले. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत ते रुजल्याचे फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये जाहीर केले. रोपे मात्र खुरटली. अपोलो-११ च्या मातीतली सर्वांत जास्त.