काकूंची एट हंड्रेड

मला गाडी चालवता येते याचं श्रेय शेजारच्या काकूंना, आणि थोडं मारुती ८०० च्या किमतीला.

आमच्या लहानपणी साताऱ्यात गाडी म्हणजे फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसिडर. तीही डॉक्टरांची, वकिलांची. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. घरातलं आजारी माणूस पुण्याला न्यायचं तर एसटी, किंवा कोणाकडे तरी शब्द टाकायचा. पेट्रोल भरून दिलं तरी मिंधेपण उरायचंच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, सुरुवातीची किंमत ५०,००० रुपयांच्या आसपास. काका-काकू दोघंही शिक्षक. काही वर्षांनी फंडातून पैसे काढून आणि पतपेढीचं कर्ज घेऊन त्यांनी ती दारात आणली. ड्रायव्हरचा पगार मात्र त्या हिशेबात बसेना, आणि काकांना अंधार पडला की नीट दिसत नसे. मग किल्ली काकूंकडे आली.

स्वस्त गाडीचा हा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांतल्या बायका मागे बसत. इथे ड्रायव्हर परवडतच नव्हता. शिवाय गाडी लहान, हलकी. फियाटसारखा स्टिअरिंगपाशी गिअर नाही. तो खाली, हाताशी.

माझी आई आजारी पडली तेव्हा काकूंनी आम्हाला अनेकदा पुण्याला नेलं. खंबाटकी घाट चढताना उकळलेल्या गाड्या कडेला बॉनेट उघडून उभ्या दिसत. आमची गुणगुणत वर जाई. पेट्रोलचे पैसे पुढे केले की काकू म्हणायच्या, "ते राहू दे गं. मी काय कायम मोकळी असणार आहे का? तू शीक."

मग दर रविवारी कॅनॉलच्या रस्त्यावर शिकवणी. हाफ क्लच, चढावर गाडी थोपवणं, रिव्हर्स. नवी गाडी, अजून हप्ते चालू, आणि शिकणारी शेजाऱ्यांची मुलगी! खरचटलं तर काय, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

पुढे मी जुनी ८०० घेतली आणि आईच्या दवाखान्यासाठी कोणाकडे शब्द टाकणं थांबलं. दहा जणांच्या उपकारांतून मी सुटले ती एका उपकारामुळे.

आता काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेते. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, हे त्यांना अजून मान्य नाही. चढ लागला की शेजारून हुकूम येतोच, "गाडी ओरडतेय. सेकंड टाक!"