वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याचा मजकूरही कंपनीनेच पाठवला होता. मी फक्त खाली नाव टाकून तो माझ्या मेलवरून परत पाठवायचा. ‘वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे. दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे.’ आभारी! त्या शब्दाने आजही डोकं फिरतं.

सुरतेच्या नर्मद विद्यापीठातून एम.कॉम. आणि जून २०२३ मध्ये एका कर्ज देणाऱ्या कंपनीत पर्सनल लोनच्या फायली तपासायचं काम. वडिलांचा जन्म उधन्यात लूमवर गेलेला. त्यांनी लिंबायतच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. १६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला. म्हणजे तेवढ्याच कर्जासाठी जास्त भांडवल अडकवा. शिवाय बँकांनी आमच्यासारख्या कंपन्यांना दिलेल्या कर्जावरचा भारही वाढवला. फायली आटल्या.

जानेवारीत आम्हा नव्यांना एकेकाला खोलीत बोलावलं. लॅपटॉपच्या पडद्यावर मुंबईच्या एचआर मॅडम, बाजूला मोबाइलमध्ये डोकं घातलेले मॅनेजर. दिवाळीत हेच आमच्या घरी खापरावरची पुरणपोळी चापून गेले होते. “टर्मिनेट केलं तर पत्रात तसं येईल, मग पुढे कोण घेणार?” मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, “कारण तुमचं आहे, मग वैयक्तिक कसं?” त्यावर हसून, “बेटा, ये तो फॉरमॅट है.” मेल संध्याकाळी सहापर्यंतच चालू राहणार होता. साडेपाचला मी ‘सेंड’ दाबलं. मॅनेजरांनी तेव्हाही मान वर केली नाही.

खरा त्रास पुढे. प्रत्येक मुलाखतीत तेच: सहा-सात महिन्यांत सोडलं? आजारी होतात? घरी काही? खरं सांगावं तर समोर माझ्याच नावाचा राजीनामा.

रिंगरोडच्या एका सीएंनी मात्र एवढंच विचारलं, “एक्सेल येतं?” कापड मार्केटमध्ये तेव्हा प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच)ने धांदल उडाली होती. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत चुकवून मार्चअखेर बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरायची नाही, तिच्यावर कर भरायचा. इथे तर तीन-तीन, चार-चार महिन्यांची उधारी हाच रिवाज. माझं काम वीवरांना फोन करून उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, आहे का ते विचारायचं. एक काका आधी गप्प झाले, मग म्हणाले, “आहे म्हटलं तर ऑर्डर जाईल ना रे?” त्यांच्याच रक्षणासाठी केलेला कायदा, आणि ते सर्टिफिकेट लपवत होते. काही व्यापारी तर सरळ सांगायचे, नोंदणी रद्द करून घ्या. स्वखुशीने, अर्थात. तसे फोनही कधी कधी मीच केले.

पोरांना मी सांगतो, असल्या मेलवर नाव टाकू नका, लेखी नोटीस मागा. पण मी अडून बसलो असतो, तर हिशेबाचे पैसे लटकले असते आणि त्या महिन्याचा हप्ता कुणी भरला असता? तेव्हा माझा सल्ला ऐकायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

कर्जाच्या धंद्यात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं मी घरी कितीदा बोललो असेन. गेल्या महिन्यात एका बँकेच्या क्रेडिट विभागाची जाहिरात पाहिली आणि अर्ज भरला. आधीची नोकरी सोडण्याच्या कारणाचा रकाना होताच. लिहिलं: कंपनीने काढलं.